एक वाद, दोन कोर्टं

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न

या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेली एकाच जातीची पत्रं एकत्र घेतली आहेत. भांडण एक, पण दावे दोन, आणि तेही वेगवेगळ्या कोर्टांत. वाचकांची नावं वगळली आहेत, पत्रांतला तपशील थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : आमची वडिलोपार्जित बागायत कराड तालुक्यात आणि जिरायत विट्याजवळ खानापूर तालुक्यात आहे. थोरल्या दादांनी २०२२ मध्ये कराडला वाटपाचा दावा लावला. त्यात फक्त कराडकडची जमीन दाखवली आणि मला प्रतिवादी केलं. मी २०२४ मध्ये विट्याला सगळ्या जमिनींच्या वाटपाचा दावा केला. तिथे निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, जमीन विकू नये अशी मनाईही मिळाली. आता दादांनी विट्याच्या दाव्यात कलम १० चा अर्ज दिला आहे. माझा दावा संपेल का? तो काढून घेऊन कराडलाच भांडावं का?

उत्तर : दावा संपणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० खाली नंतरच्या दाव्याची चौकशी थांबते, म्हणजे साक्षीपुरावा आणि निकाल थांबतो. दावा दाखल राहतो, आणि निशाणी ५ वरचा हुकूमही उभा राहतो. दादांनी तो मोडून जमीन विकली तर आदेश ३९ नियम २अ खाली अर्ज करता येतो. चौकशीला स्थगिती असतानाही अशा तातडीच्या अर्जांवर कोर्ट हुकूम करू शकतं.

कलम १० लागायला पक्षकार तेच असावे लागतात (किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे), मुख्य वादमुद्दा तोच असावा लागतो, एक दावा आधीचा असावा लागतो आणि त्या आधीच्या कोर्टाला मागितलेली दाद देण्याचा अधिकार असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने लावलेली कसोटी सोपी आहे : पहिल्या दाव्याचा निकाल दुसऱ्या दाव्यात अंतिम म्हणून बांधील ठरेल का? तुमच्या प्रकरणात ‘कुटुंब एकत्र आहे का, पूर्वी वाटप झालं होतं का, कोणाचा हिस्सा किती’ हे मुद्दे दोन्हीकडे तेच आहेत. पण विट्याकडची जमीन कराडच्या दाव्यात नाहीच. त्यामुळे अर्ज मंजूर होईल की नाही हे दोन्ही अंगांनी मांडता येतं, आणि त्या वादात वर्षं घालवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. चौकशी थांबली तर तुमचा पूर्ण दावा बसून राहील आणि दादांचा अर्धवट दावा पुढे जाईल. अर्ज फेटाळला गेला तर दोन कोर्टं एकाच प्रश्नावर दोन उत्तरं देतील. दोन्ही दावे एका कोर्टात आणणं हाच मार्ग आहे.

जमीन दोन जिल्ह्यांत असली तरी कलम १७ प्रमाणे त्यातला कोणताही तुकडा ज्या कोर्टाच्या हद्दीत आहे तिथे सगळ्या जमिनींचा एकच दावा चालतो. म्हणजे कराडचं कोर्ट विट्याकडच्या जमिनीचंही वाटप ठरवू शकतं. शिवाय वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार एका अर्थी वादीच असतो. प्रतिवादी असूनही कोर्ट फी भरून तुम्ही कराडच्या दाव्यातच स्वतःचा हिस्सा वेगळा मागू शकता. दादांनी वगळलेली मिळकत आणायची तर कैफियतीत अपुऱ्या वाटपाची हरकत घ्या आणि प्रतिदावा करा. अडचण वेळेची आहे. मुद्दे, म्हणजे ज्यांवर निकाल द्यायचा ते वादाचे प्रश्न, कोर्टाने काढल्यानंतर प्रतिदावा सहसा घेतला जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे. २०२२ च्या दाव्यात मुद्दे निघाले असण्याची शक्यता बरीच. आधी रोजनामा, म्हणजे दाव्यातल्या तारखांच्या कामकाजाची कोर्टाची नोंद, बघा.

मुद्दे निघाले असतील तर विट्याचा दावा कराडला वर्ग करून घ्या. इथे बरेच जण चुकीचा दरवाजा ठोठावतात. एकाच जिल्ह्यातल्या दोन कोर्टांचा प्रश्न असता तर कलम २४ खाली प्रमुख जिल्हा न्यायाधीश पुरले असते. पण कराड सातारा जिल्ह्यात, विटा सांगली जिल्ह्यात. दोन्ही कोर्टांवर समान अधिकार असलेलं न्यायालय म्हणजे उच्च न्यायालय. साताऱ्याला किंवा सांगलीला दिलेला अर्ज फक्त तारखा खाईल. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्याखाली येतात. तेव्हा या कामासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

दावा काढून घेण्याबद्दल जपून. आदेश २३ नियम १ खाली कोर्टाची परवानगी न घेता दावा काढून घेतला तर त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. परवानगी मिळाली तरी दावा संपताच त्यातली मनाई संपते. दावा वर्ग झाला तर मनाईचा हुकूम त्याच्याबरोबर जातो. तुमच्या हातात मनाई आहे, म्हणून वर्ग करणंच सोयीचं.

अर्जाबरोबर दोन्ही दाव्यांच्या वादपत्राच्या, कैफियतीच्या, निशाणी ५ च्या हुकुमाच्या, मुद्द्यांच्या आणि पूर्ण रोजनाम्याच्या प्रमाणित नकला लागतील. त्यासोबत एक तक्ता जोडा, तोच सगळ्यात उपयोगी पडतो. गट नंबर, हेक्टर-आर क्षेत्र, सातबारावर सध्या कोणाचं नाव, कोणत्या फेरफाराने, कराडच्या दाव्यात अनुक्रमांक किती, विट्याच्या दाव्यात किती, असे रकाने करा. एका दाव्यात जुना सर्व्हे नंबर आणि दुसऱ्यात गट नंबर लिहिलेला असला की तीच जमीन दोन वेगळ्या जमिनी वाटते. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या वेळचा जुना-नवा नंबरांचा उतारा तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून काढून तक्त्याला लावा. एखाद्या दाव्यात खरेदीदार पक्षकार असेल आणि दुसऱ्यात नसेल, तर त्याला आदेश १ नियम १० खाली दुसऱ्या दाव्यातही आणा. नाहीतर एकत्र चौकशीत त्याची हरकत उभी राहते.

एक शेवटची तपासणी. विट्याच्या वादपत्रात कराडच्या दाव्याचा उल्लेख केला होता का? नसेल तर दुरुस्ती अर्ज आजच द्या. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून, समोरच्याला नोटीस न देता मनाई मिळवली असेल, तर आदेश ३९ नियम ४ प्रमाणे ती उठवण्याची मागणी होते, आणि कोर्टाला ती सहसा मानावी लागते. तो दावा तुम्हाला माहीतच नव्हता असं म्हणायची सोय नाही, तुम्ही त्यात प्रतिवादी आहात.

प्रश्न : जावळी तालुक्यातल्या जमिनीचं नोंदणीकृत साठेखत माझ्या नावावर आहे. मालक ती जमीन दुसऱ्याला विकतोय असं कळल्यावर मी मेढ्याच्या कोर्टात फक्त मनाईचा दावा केला. पुढे खरेदीखत करून मिळण्यासाठी साताऱ्याला वरिष्ठ स्तर कोर्टात दुसरा दावा केला. मालकाचे वकील म्हणतात, दुसरा दावा चालतच नाही. मेढ्याचा दावा आधीचा म्हणून साताऱ्याचा थांबवावा, असाही त्यांचा अर्ज आहे.

उत्तर : कलम १० च्या अर्जाने घाबरू नका. मनाईच्या दाव्यात ताबा आणि विक्रीची धमकी हा मुद्दा असतो, खरेदीखताच्या दाव्यात कराराची अंमलबजावणी आणि पैसे देण्याची तुमची तयारी. नुसत्या मनाईच्या निकालाने खरेदीखताचा प्रश्न सुटत नाही.

खरा धोका आदेश २ नियम २ चा आहे, आणि तो अर्धा साताऱ्याच्या, अर्धा मेढ्याच्या कागदांत लपलेला आहे. एकाच दावाकारणातून मिळणाऱ्या सगळ्या दादी एकदम मागाव्या लागतात. एखादी दाद कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडली तर ती पुढे मागता येत नाही. म्हणून मेढ्याचं वादपत्र काढा आणि दावाकारणाचा परिच्छेद शब्द न् शब्द वाचा. ‘मालकाने खरेदीखत करून देण्यास नकार दिला’ किंवा ‘नोटिशीला नकाराचं उत्तर आलं’ असं वाक्य तिथे असेल, तर खरेदीखत मागण्याचं कारण त्याच दिवशी तयार होतं असं समोरचे म्हणतील. साठेखताची मुदत तेव्हा संपली नव्हती, हे उत्तर अपुरं पडतं. २०१२-१३ च्या सुमाराला नेमक्या अशाच दोन दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने दुसरा दावा अडवला होता. उलट फक्त ‘विकण्याची कुणकुण लागली’ एवढंच लिहिलेलं असेल आणि नकार नंतर आला असेल, तर तुमची बाजू बरी आहे.

या हरकतीला एक अट आहे. ती कैफियतीत स्पष्ट घ्यावी लागते आणि मेढ्याचं वादपत्र साताऱ्याच्या दाव्यात पुरावा म्हणून शाबीत करावं लागतं. नुसत्या युक्तिवादात सांगून चालत नाही. ते तसं करतात का, यावर तुमच्या वकिलांनी लक्ष ठेवावं.

सुरक्षित वाट अशी : मेढ्याच्या दाव्यातच आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्ती मागून खरेदीखताची दाद त्यात घ्या. आदेश २ नियम २ ची आडकाठी दुरुस्ती अर्जाला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. साक्ष सुरू झाली असेल तर मात्र, योग्य काळजी घेऊनही दुरुस्ती आधी का मागता आली नाही, हे सांगावं लागेल. मुदत मोजा : साठेखतात ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षं, आणि तारीख ठरलेली नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षं. ती उलटल्यावर आलेली दुरुस्ती बहुतेक वेळा अडते. दाद वाढली की दाव्याचं मूल्य वाढतं आणि कनिष्ठ स्तराच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतं. मग वादपत्र योग्य कोर्टात दाखल करायला परत मिळतं, आणि सगळं पुन्हा साताऱ्यातून सुरू होतं. म्हणून दुरुस्तीबरोबरच प्रमुख जिल्हा न्यायाधीश, सातारा यांच्याकडे कलम २४ चा किरकोळ अर्ज देऊन मेढ्याचा दावा साताऱ्याच्या वरिष्ठ स्तर कोर्टात वर्ग करून घ्या. वर्ग झालेला दावा पुन्हा पहिल्यापासून चालवायचा की आलेल्या टप्प्यापासून, हे नवं कोर्ट ठरवतं. हुकुमात उलट काही नसेल तर त्याला दोन्ही मुभा असते.

साताऱ्याचा दावा लगेच काढून घेऊ नका. मेढ्यातली दुरुस्ती मंजूर होऊन वादपत्रात प्रत्यक्ष लिहिली जाईपर्यंत तो राहू द्या. हुकूम झाल्यावर वादपत्रात दुरुस्ती चढवायची राहून गेली, असं घडतं. कोर्टाने वेगळी मुदत दिली नसेल तर त्यासाठी चौदा दिवस असतात.

प्रश्न : तासगावहून इंदूरच्या व्यापाऱ्याला बेदाणा पाठवला. १८ लाख रुपये येणं आहे. बिलावर ‘वाद सांगली न्यायक्षेत्रात’ असं छापलेलं आहे. मी दावा करण्याआधीच त्याने माल खराब निघाला म्हणून इंदूरला ६ लाखांच्या भरपाईचा दावा केला. आता मी सांगलीत दावा करू शकतो का?

उत्तर : करू शकता. पण आधी इंदूरकडे लक्ष द्या, तिकडची घड्याळं सुरू झाली आहेत. तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद कमर्शियल कोर्टात चालतो. तिथे समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत दिली नाही तर तो हक्क कायमचा जातो, कोर्टसुद्धा मुदत वाढवू शकत नाही. हद्दीची हरकत त्याच कैफियतीत घ्या. कलम २१ प्रमाणे ती पहिल्या संधीला आणि मुद्दे काढण्याआधी घेतली नाही तर वरच्या कोर्टात ऐकत नाहीत.

बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर फार भिस्त ठेवू नका. ती दोघांनी मान्य केलेली अट होती हे दाखवावं लागेल. सौदापत्रावर त्याची सही, जुन्या बिलांचे स्वीकार, व्हॉट्सॲपवर कबूल केलेल्या अटी असं काही हवं. आणि ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला अशी ओळ अधिकार देऊ शकत नाही. माल तासगावात सुपूर्त झाला, पैसे इथल्या बँकेत जमा व्हायचे होते, हे सांगलीच्या अधिकाराचे खरे आधार.

सांगलीत दाखल करण्याआधी, तातडीची मनाई किंवा जप्ती नको असेल तर, कमर्शियल कोर्ट कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीचा अर्ज बंधनकारक आहे. ती तीन महिन्यांत उरकायची असते, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने मिळतात. हा काळ तुमच्या तीन वर्षांच्या मुदतीत मोजला जात नाही. मध्यस्थी टाळून आणलेलं वादपत्र फेटाळलं जातं.

दावा दाखल झाल्यावर इंदूरवाला कलम १० दाखवेल. तुमचा दावा लेखी करारावर आदेश ३७ खाली समरी, म्हणजे झटपट, पद्धतीने बसत असेल तर प्रतिवादीला बचावाची परवानगी मिळेपर्यंत कलम १० आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं आहे. तसा बसत नसेल, आणि बेदाण्याचा दर्जा हाच वादाचा गाभा असेल, तर दोन्ही दावे एकत्र करण्याची वेळ येणारच. वेगळ्या राज्यांतले दावे हलवण्याचा अधिकार कलम २५ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा. २००४ मध्ये ज्यूटच्या पोत्यांच्या किमतीचा विशाखापट्टणमचा दावा आणि त्याच मालाबद्दल मध्य प्रदेशातल्या रेवा इथला दावा असेच समोरासमोर आले होते, आणि दोन्ही विशाखापट्टणमला एकत्र चालवायचा हुकूम झाला. तुमच्याकडे खरेदीदाराची सही असलेली अट नसेल, तर दिल्लीपर्यंतचा खर्च मोजून बघा. इंदूरच्याच दाव्यात १८ लाखांचा प्रतिदावा करणं स्वस्त पडेल, मनाला कितीही न पटलं तरी.

प्रश्न : भागीदाराने पुण्यात दावा लावला आहे. तो चालवू नये अशी मनाई सांगलीच्या कोर्टातून मिळेल का?

उत्तर : नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ४१(ब) प्रमाणे आपल्या अधिपत्याखाली नसलेल्या कोर्टातलं काम थांबवण्यासाठी मनाई देता येत नाही. सांगलीचं कोर्ट पुण्याच्या कोर्टाच्या वर नाही. जे काही मागायचं ते पुण्याच्या दाव्यात जाऊन मागा : हद्दीची हरकत, कलम १०, भागीदारी करारात लवादाची अट असेल तर लवाद कायद्याच्या कलम ८ चा अर्ज. हा शेवटचा अर्ज पहिली कैफियत देण्याआधी किंवा फार तर तिच्याबरोबर द्यायचा असतो. सांगली-पुणे दोन्हीकडे खरोखर दावे असतील तर वर्ग करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात.

प्रश्न : जत तालुक्यात बांधावरून रस्ता मागण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज केला होता, तो मंजूर झाला. शेजाऱ्याने दिवाणी कोर्टात दावाही केला आणि प्रांतांकडे अपीलही. दोन्ही चालेल का?

उत्तर : हुकूम महसूल संहितेच्या कलम १४३ खालचा असेल तर नाही. त्या कलमात तहसीलदारांच्या निर्णयाविरुद्ध एक वर्षात दिवाणी दावा करता येतो, आणि तसा दावा झाला की त्या निर्णयावर अपील किंवा फेरतपासणी चालत नाही. दाव्याच्या वादपत्राची नक्कल प्रांतांच्या फाईलवर हजर करून अपील निकाली काढायला सांगा. दावा नुसता दाखल झाल्याने रस्ता बंद होत नाही, त्यासाठी शेजाऱ्याला कोर्टाकडून मनाई मिळवावी लागेल.

पण हुकुमाचा माथा नीट वाचा. आधीपासूनच्या वहिवाटीच्या रस्त्यावरचा अडथळा काढल्याचा हुकूम असेल तर तो मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खालचा. त्यावर फेरतपासणी जिल्हाधिकाऱ्यांकडे होते, आणि तो हुकूम दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यापर्यंतच टिकतो. दोन्ही कायद्यांचे अर्ज एकाच कागदावर केल्यामुळे कोणता हुकूम कशाखाली झाला हेच कळत नाही, असं आपल्याकडे वारंवार दिसतं.

प्रश्न : सासऱ्यांचा मनाईचा आणि समोरच्याचा मालकी ठरवून मागण्याचा असे दोन दावे साताऱ्यात एकत्र चालले. एकच निकालपत्र झालं : आमचा दावा फेटाळला, त्यांचा मंजूर केला. वकील दोन अपिलं करा म्हणतात. निकालपत्र एकच असताना दोन कशाला?

उत्तर : वकील बरोबर सांगतात. दावे एकत्र करण्यासाठी संहितेत वेगळं कलम नाही, कोर्ट ते कलम १५१ च्या अंगभूत अधिकारात करतं. पुरावा एका दाव्याच्या फाईलवर नोंदवून दुसऱ्यात वाचला जातो, पण दावे दोनच राहतात आणि हुकूमनामेही दोन निघतात. तुम्ही फक्त मनाईच्या दाव्यातलं अपील केलंत, तर मालकीचा हुकूमनामा कायम होईल. मग अपिलात समोरचे उभे राहून म्हणतील की मालकीचा प्रश्न आता अंतिम झाला, कलम ११ लागू. अपील तिथेच कोसळतं. जिल्हा न्यायालयात अनेक चांगली अपिलं या एकाच कारणाने पडतात.

तेव्हा नक्कल विभागात अर्ज करताना एक निकालपत्र आणि दोन्ही हुकूमनामे असं स्पष्ट लिहा. एकच हुकूमनामा मागितला की एकच मिळतो, आणि दुसरा मागेपर्यंत मुदत जाते. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाची मुदत ३० दिवसांची, नक्कल मिळायला लागलेला वेळ त्यातून वगळला जातो. प्रत्येक अपिलाला आपापल्या दाव्याच्या मूल्यावर वेगळी कोर्ट फी लागेल. पहिलं अपील दाखल करून दुसरं राहिलं असेल तर थांबू नका. विलंब माफीच्या अर्जासह ते लगेच दाखल करा, आणि दोन्ही अपिलं एकाच न्यायाधीशांपुढे एकत्र ठेवावीत अशी पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्या.